समुद्र नसलेल्या शहरातलं जहाज

लखनौ स्टेशनबाहेर आलेली माणसं टुंडे कबाबचा पत्ता विचारतात, नाहीतर चिकनकारीचे कुर्ते कुठे स्वस्त मिळतील ते विचारतात. आमच्या बाबांनी रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, जहाज का म्यूझियम किधर है?"

रिक्षावाल्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबूजी, जहाज तो चिडियाघर में है. नेहरूजी का."

तो थट्टा करत नव्हता. लखनौच्या प्राणिसंग्रहालयात पंडित नेहरूंनी वापरलेलं 'राजहंस' नावाचं विमान खरोखरच ठेवलेलं आहे, आणि त्या शहरात 'जहाज' म्हटलं की लोकांना तेच आठवतं. त्यांचं तरी काय चुकलं? सगळ्यांत जवळचा समुद्रकिनारा इथून आठशे किलोमीटरहून लांब आहे. पाण्यावरच्या जहाजाची चौकशी करायला लखनौत कोण येईल?

आम्ही आलो होतो. २०२२चा डिसेंबर होता. बाबा, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा, पुष्पक एक्स्प्रेसने चोवीस तासांचा प्रवास करून. कारण सांगते.

बाबा माझगाव डॉकमध्ये फिटर होते. तिथे १९८१ साली एका जहाजाचं बांधकाम सुरू झालं. १९ मार्च १९८४ला ते पाण्यात उतरलं, आणि १६ एप्रिल १९८८ला संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्या हस्ते नौदलात दाखल झालं. आयएनएस गोमती. गोदावरी, गोमती आणि गंगा या तीन युद्धनौका एकाच आराखड्याच्या, आणि तिघींची नावं नद्यांची. लांबी सव्वाशे मीटरहून जास्त, आत तीनशेच्या आसपास माणसं. तुम्ही मुंबईचे असाल तर लोकलचा बारा डब्यांचा रेक डोळ्यांपुढे आणा. त्याची निम्मी लांबी म्हणजे गोमती, फक्त उंची कितीतरी मजल्यांची.

आमच्या घरी त्या जहाजाचा उल्लेख 'गोमती'ने असा व्हायचा, जणू गावाकडची आत्याच. "गोमतीच्या वेळी तू पाळण्यात होतीस." "गोमती पाण्यात गेली त्या दिवशी पेढे आणले होते." बाबांनी पुढे बाकीच्या जहाजांवरही कामं केली, पण मनात राहिली ती हीच. पहिलं मूल आणि पहिलं मोठं जहाज एकाच काळातलं, एवढंच असेल.

२८ मे २०२२ला संध्याकाळी, सूर्य मावळताना, मुंबईच्या नौदल गोदीत गोमतीवरचा तिरंगा आणि नौदलाचा ध्वज शेवटचा उतरवला गेला. चौतीस वर्षं झाली होती. मालदीवमधलं १९८८चं ऑपरेशन कॅक्टस, २००१-०२चं पराक्रम, त्सुनामीनंतर श्रीलंकेला मदत पोचवणारं ऑपरेशन रेनबो, या सगळ्यांत ती होती. बाबांनी डोंबिवलीला बसून मोबाइलवर बातमी पाहिली. त्याच बातमीत एक ओळ होती: जहाजाच्या आठवणी जपण्यासाठी लखनौला, गोमती नदीच्या काठी खुलं संग्रहालय उभं राहणार आणि जहाजावरच्या काही यंत्रणा तिथे मांडल्या जाणार.

बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे माहेरी चालली."

मग सहा महिने त्यांनी विषय काढला नाही. दिवाळीनंतर एकदम म्हणाले, "ती नदी मी बघितलेली नाही."

आता तुम्ही विचाराल, संग्रहालय बघितलं का? नाही. तेव्हा ते फक्त ठरलेलं होतं, जागेवर बघण्यासारखं काही नव्हतं. मला हे आधीच ठाऊक होतं, बाबांनाही मी सांगितलं होतं. तरी त्यांनी रिक्षावाल्याला विचारून पाहिलंच. आणि तरीही ही सहल फुकट गेली असं मी म्हणणार नाही, कारण जहाजाचा माग काढत फिरलं की लखनौ वेगळंच दिसायला लागतं.

मासे तर सगळीकडे. रूमी दरवाजापासून जुन्या कोठ्यांच्या कमानींपर्यंत जोडीने बसलेले मासे दिसतील. ते अवधच्या नवाबांचं चिन्ह होतं. उत्तर प्रदेश सरकारच्या मुद्रेवर आजही दोन मासे आहेत. नवाब नदीवर राहणारी माणसं. छत्तर मंजिलला गेलात तर लक्षात येईल, हा महाल रस्त्याकडे पाठ आणि पाण्याकडे तोंड करून बसलेला आहे. त्याला लागून असलेली फरहत बख्श कोठी क्लॉड मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने १७८१च्या सुमारास स्वतःसाठी बांधली, ती अशा युक्तीने की नदीचं पाणी तळमजल्याच्या खाली शिरावं आणि उन्हाळ्यात वरच्या खोल्या गार राहाव्यात. काही वर्षांपूर्वी तिथे दुरुस्तीसाठी खोदकाम चाललं असताना मातीखालून एक जुनी लाकडी नाव निघाली, चाळीस फुटांहून लांब. म्हणजे समुद्र नसलेल्या शहराच्या पोटातही एक जहाज होतंच.

बाबांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: "सांधे कसे होते?" मला कुठलं माहीत! त्यांना नवाबात रस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या गोल दरवाजापाशी मख्खन मलाई खाल्ली. थंडीतच मिळते, फेसासारखी, तोंडात घातली की हरवते. मुलाने दोन दोने संपवले. तिथून रेसिडेन्सीला गेलो.

रेसिडेन्सी हे १८५७च्या वेढ्याचं ठिकाण. पडक्या भिंती तशाच ठेवल्या आहेत, तोफगोळ्यांची भोकंही बुजवलेली नाहीत. आत छोटं संग्रहालय आहे, त्यात अख्ख्या परिसराची प्रतिकृती मांडली आहे. मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी ती प्रतिकृती दाखवा, मग बाहेर फिरा. नाहीतर नुसतं बाग आणि विटा.

इथेही जहाजाची गोष्ट भेटते. 'शॅनन' नावाची ब्रिटिश युद्धनौका, शिडंही होती आणि वाफेचं इंजिनही, १८५७ साली निघाली होती चीनकडे, तिथे चाललेल्या अफूच्या युद्धासाठी. हिंदुस्थानातल्या उठावाची बातमी आली आणि ती कलकत्त्याकडे वळवली गेली. तिचा कप्तान विल्यम पील. त्याने जहाजावरच्या जड तोफा उतरवल्या, आपले खलाशी घेतले, गंगेतून अलाहाबादपर्यंत आणि पुढे बैलांच्या जोरावर त्या तोफा थेट लखनौला आणल्या. १६ नोव्हेंबर १८५७ला शाह नजफ इमामबाड्याच्या भिंतीसमोर समुद्रावरचे खलाशी तोफा चालवत होते. त्यांत विल्यम हॉल नावाचा नोव्हा स्कोशियाचा कृष्णवर्णीय खलाशी होता. त्याचे आईवडील गुलामगिरीतून सुटून आलेले. त्या दिवसासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, जवळच्या सिकंदरबागेत, दोन हजारांच्या आसपास हिंदुस्थानी माणसं मारली गेली. तिथे लढलेल्या ऊदादेवी पासी यांचा पुतळा बागेबाहेर आहे, तो चुकवू नका.

मी हे सगळं मुलाला सांगत होते. बाबा एका तोफेच्या गाड्यावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "एवढ्या जड तोफा ओढणारे बैल कुणाचे होते, गाडीवान कोण होते, हे कुठे लिहिलंय का?"

मला तेव्हा तो प्रश्न तिरका वाटला. रात्री हॉटेलात कळलं, ते कशाबद्दल बोलत होते.

झालं असं की मुलगा अंथरुणात फोन घेऊन बसला होता. "आजोबा, इथे नाही तर जगात दुसरीकडे जहाजाचं म्युझियम असेलच की." आणि त्याने शोधून काढलं चीनमधलं च्वानचौ. मी तिथे गेलेली नाही; त्या रात्री आणि पुढे घरी आल्यावर जे वाचलं ते सांगते.

च्वानचौ हे फूजियान प्रांतातलं बंदर, सात-आठशे वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक. आपल्याकडचे तमिळ व्यापारीही तिथे राहत. त्यांनी बांधलेल्या देवळाचे कोरीव दगड आजही तिथल्या संग्रहालयात आहेत. १९७४ साली तिथल्या खाडीच्या चिखलातून एक चिनी शिडाचं जहाज उकरून काढलं गेलं. वरचा भाग कुजून गेलेला, पण खालचा सांगाडा शाबूत: चोवीस मीटर लांब, नऊ मीटर रुंद. आत सापडलेल्या नाण्यांवरून ते १२७०च्या दशकात बुडालं असावं असं ठरवलं गेलं. पोटात चंदन आणि दुसरी सुगंधी लाकडं, मिरी, धूप, सुपारी, कवड्या. आज ते काइयुआन मंदिराच्या आवारात, खास त्याच्यासाठी बांधलेल्या इमारतीत ठेवलेलं आहे.

मुलगा फोटो दाखवत होता आणि बाबा चष्मा कपाळावर ढकलून बघत होते. जहाजाच्या पोटात आडव्या भिंती घालून तेरा कप्पे केले आहेत. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी शेजारचा कोरडा राहावा म्हणून. "बल्कहेड!" बाबा जवळजवळ ओरडलेच. "अरे, गोमतीत हेच. सातशे वर्षांपूर्वी लाकडात करायचे?" त्यानंतर अर्धा तास त्यांनी नातवाला हॉटेलच्या उशा उभ्या करून बल्कहेड म्हणजे काय ते समजावलं.

त्या जहाजातल्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत. एक म्हणजे मालाच्या गाठोड्यांना बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्या, नव्वदहून जास्त. त्यांवर माल कुणाचा ते शाईने लिहिलेलं.  आपली चार पोती जहाजावर चढवणारी माणसं. बरोबर बुद्धिबळासारख्या चिनी खेळाच्या सोंगट्याही निघाल्या.

दुसरी गोष्ट जहाजाच्या कण्यात होती. तळाचं मोठं लाकूड जिथे जोडलं आहे त्या सांध्यात बांधणाऱ्यांनी छोटी भोकं पाडून त्यांत नाणी ठेवली होती, आणि जवळच एक काशाचा आरसा. सप्तर्षी आणि चंद्र, असा त्याचा अर्थ लावतात. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. ही ठेव बाहेरून कुणाला दिसणारी नव्हती. जहाज तरंगत होतं तोवर ती फक्त सुतारांना ठाऊक होती.

हे मी मोठ्याने वाचलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग मुलाकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पण एक गोष्ट ठेवली होती."

एका कप्प्यात, एका ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला, त्यांनी पंचने दोन अक्षरं ठोकली होती. एक आईच्या नावाचं, एक माझ्या. वर प्रायमर बसला, त्यावर रंग, पुढे चौतीस वर्षांत किती थर चढले असतील कोण जाणे. असं करायचं नसतं, त्यांनीच सांगितलं. सुपरवायझरला कळलं असतं तर बोलणी खाल्ली असती. आईलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला आई नाही.

एवढा प्रवास त्यांनी का केला, ते मला तेव्हा कळलं.

जहाज कसं राखायचं, हा प्रश्न तसा सोपा नाही, आणि आपण मुंबईकरांनी तो फार चांगला सोडवला आहे असंही नाही. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. काही वर्षं ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून लोकांना बघायला मिळायची. बाबांनी मला आणि भावाला दोनदा नेलं होतं. पण एवढं लोखंड खाऱ्या पाण्यात उभं ठेवायचं म्हणजे दर वर्षी पैसा आणि माणसं लागतात. २०१४ साली ती भंगारात गेली आणि दारूखान्यात तोडली गेली, आमच्या जुन्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. बाबा बघायला गेले नाहीत.

चिनी जहाजांतही असं एक आहे. 'निंगपो' नावाचं, १७५३ साली बांधलं असं सांगितलं जाई. ते १९१३ साली समुद्र ओलांडून कॅलिफोर्नियाला आणलं गेलं, लोक तिकीट काढून बघायचे. मग ते कॅटालिना बेटाच्या खाडीत पडून राहिलं आणि १९३८ साली जळालं. उरल्या त्या वस्तू. काही त्या बेटावरच्या छोट्या संग्रहालयात आहेत. विशाखापट्टणमला मात्र 'कुरसुरा' ही अख्खी पाणबुडी किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवली आहे आणि २००२पासून लोक तिच्या आत फिरतात. पाण्याबाहेर काढली म्हणून ती टिकली.

त्यामुळे लखनौला अख्खी गोमती येणार नाही, तिचे भाग येणार, याचं मला वाईट वाटत नाही. सव्वाशे मीटरचं जहाज लखनौपर्यंत आणणार तरी कसं? भाग कोणते निवडायचे, माझं म्हणणं फक्त तेवढ्यापुरतं आहे. तोफा आणि क्षेपणास्त्रांचे साचे ठेवावेतच, मुलांना तेच बघायचं असतं. पण त्यांच्या शेजारी स्वयंपाकघरातला एखादा डेगही असू द्या, झोपायचा एक बंक असू द्या, आणि जहाजाच्या अंगाचा एक तुकडा, जोड दिसेल असा. च्वानचौच्या त्या लाकडी चिठ्ठ्या नसत्या तर आपल्याला नुसती मिरी मिळाली असती, माणसं मिळाली नसती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही कुडिया घाटावर गेलो. गोमती संथ आहे. हिमालयातली नदी नव्हे ही. पिलीभीतजवळ माधोटांड्याच्या तळ्यातून उगवते, जमिनीतल्या झऱ्यांवर वाढते आणि वाराणसीच्या पुढे कैथीला गंगेला मिळते. लखनौत तिचं पाणी स्वच्छ नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. काठावर होड्या होत्या. बाबांनी घासाघीस न करता एक ठरवली, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडलं असावं.

होडी लाकडी, तळाला पत्रा ठोकलेला. बसल्याबरोबर बाबांनी फळ्यांच्या सांध्यावरून तळवा फिरवला. नावाड्याने ते पाहिलं. "बाबूजी, नाव बनाते हैं क्या?"

"बनाते थे," बाबा म्हणाले. "आपकी नदी के नाम का जहाज बनाया था. बंबई में. समुंदर में चलता था."

नावाड्याने वल्ही थांबवली. "गोमती के नाम का? हमको किसीने बताया ही नहीं."

मग बाबांनी त्याला सगळं सांगितलं. त्यांच्या मुंबई हिंदीत, कधी मराठी शब्द घालून. किती लांब, किती खोल, वर दोन हेलिकॉप्टरं कशी उतरायची. नावाडी मध्येमध्ये "अच्छा" म्हणत होता, आणि होडी तोवर आपली आपण वाहत चालली होती. अंधार पडला तेव्हा आम्ही घाटापासून बरेच खाली गेलो होतो. परत येताना त्याला वल्ह्यांवर चांगलाच जोर लावावा लागला. त्याने जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

लखनौला जाणार असाल तर एक आणखी ठिकाण सांगते, जहाजाशी संबंध नसलेलं. कैसरबागेत भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे. वाळकेश्वरला जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत संगीताचं हे महाविद्यालय सुरू केलं. रिक्षातून जाताना बाबांनी पाटी वाचली आणि ताठ बसले. "हे पण मुंबईचंच."

घरी आल्यावर बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एक आकृती काढली. कुठला कप्पा, किती नंबरची फ्रेम, ब्रॅकेट कुठे, अक्षरं कुठल्या अंगाला. बाण काढला, खाली तारीख टाकली. तो भाग लखनौला जाईल की भट्टीत, ते कुणाच्या हातात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पान आता माझ्या फाइलमध्ये आहे, आधार कार्डांच्या झेरॉक्सबरोबर.

तुम्ही कधी गोमतीच्या काठी त्या संग्रहालयात गेलात, तर 'एफ २१' हा आकडा शोधा. तो तिचा नंबर. मुलांना तोफेसमोर उभं करून फोटो काढा. आणि एखाद्या लोखंडी भागावरचा रंग पोपडे धरून सुटलेला दिसला, तर जरा मागच्या बाजूनेही वाकून बघा.